साक्ष: डोळ्याची, जिभेची आणि नांगराची

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

मागच्या महिन्यात मी आजीला फोनवर रेकॉर्ड केलं. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तिनं तिथे अनुभवला. आजी म्हणाली, ‘ऐन मध्यानरात्री जमीन हलली.’ मी चेक केलं, तर भूकंप झाला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. मग काय, इंजिनिअर माणूस! बग दिसला, फिक्स केला. ते वाक्यच कापलं.

एडिट केलेली फाईल तिला ऐकवली. ती म्हणाली, ‘मध्यानरात्रीचं कुटं गेलं?’ मी वेळ सांगितली. त्यावर तिचं उत्तर: ‘आरं, मी काय घड्याळ बघून उठले व्हते व्हय? पत्रं वाजाय लागलं, म्हस वरडाय लागली, तुज्या आत्याला उचललं न् भायेर पळाले. म्या बघितलं त्येवढंच सांगितलं.’

मी गप्प. कारण ‘साक्ष’ या शब्दाचा अर्थच ती मला सांगत होती.

साक्षी म्हणजे स्वतः, साक्षात पाहणारा. त्यात ‘अक्ष’ आहे, म्हणजे डोळा. ‘जबानी’ आली फारसीतल्या ‘जबान’वरून, म्हणजे जीभ. ‘ग्वाही’सुद्धा फारसी. आणि ‘साक्षीदार’ तर मिक्स: संस्कृत साक्षी, फारसी दार. आपण हे शब्द रोज वापरतो. लग्न अग्नीच्या साक्षीनं लागतं, एखादी गोष्ट पटली नाही की ‘मन ग्वाही देत नाही’ म्हणतो. पण डोळ्याशिवाय साक्ष नाही, हे विसरतो.

कायदा मात्र विसरत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात नियम होता की तोंडी पुरावा थेट हवा. पाहिलेली गोष्ट असेल तर ज्यानं पाहिली त्यानंच येऊन सांगायची. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. नाव बदललं, हा नियम राहिला.

आता थोडं मागे जाऊ, मराठेशाहीत. वतनाचा किंवा शिवेचा वाद झाला की गोतसभा बसायची. गावचे जाणते, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमायचे. कुणी बेलभंडार उचलून शपथ घ्यायचा. ठरलेलं जे लिहिलं जायचं, तो कागद म्हणजे ‘महजर’. हा अरबी शब्द आणि आपला ‘हजर’ एकाच मुळातले. म्हणजे महजर हा हजर असलेल्यांचा कागद.

त्यावर सह्यांच्या जागी काय असायचं? पाटलाचा नांगर. शेट्याचा तराजू. कागदात लिहिलेलं असायचं, ‘निशाणी नांगर’. आपण ज्या कामावर जगतो त्याचीच खूण करून माणूस म्हणायचा, मी इथे होतो, हे मला मान्य आहे.

पण सगळं छान छान नव्हतं. निशाणी सगळ्यांची असली तरी वजन सगळ्यांचं सारखं नव्हतं. म्हणून इतिहासात एक प्रश्न कायम विचारावा लागतो: साक्ष मागितली कुणाकडे, आणि न मागता कोण बोललं?

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगासमोर जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यावर तारीख आहे १९ ऑक्टोबर. शाळा त्यांनी स्वतः काढल्या होत्या, चालवल्या होत्या. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा फायदा वरच्या वर्गांना होतो, हे त्यांनी मांडलं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली.

पुढे २७ जानेवारी १९१९ ला साउथबरो समितीसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची साक्ष झाली. मतदानाचा हक्क कुणाला द्यायचा, हा विषय. अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांमधूनच हवेत, त्यांचं दुःख त्यांच्या वतीनं दुसऱ्यानं मांडून भागणार नाही, हा त्यांचा मुद्दा. तेव्हा त्यांचं वय होतं २७. म्हणजे साधारण माझ्याएवढं! आणि मी इथे आजीची वाक्यं कापत बसलो होतो.

आता माझ्या डोक्यात हिशोब स्पष्ट आहे. ४.२१ ही भूकंपमापकाची साक्ष. ती यंत्राकडूनच घ्यायची. पण ओरडणारी म्हैस, वाजणारे पत्रे, कडेवरची आत्या, हे कुठल्याच यंत्रात नोंदलेलं नाही. त्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली. हा आकडा सरकारी कागदात सापडतो. त्या रात्री आमच्या दारात काय झालं, ते फक्त आजीकडे आहे. वेळेत ती चुकली, हे मी शेजारी लिहीन. तिचं वाक्य खोडणार नाही. सर्व्हरचा लॉग आपण कधी बदलतो का? खाली नोट टाकतो. तसंच.

‘मध्यानरात्र’ परत जोडली आहे. आजीनं फाईल पुन्हा ऐकली आणि म्हणाली, ‘आता बरोबर.’

तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल. या रविवारी फोन समोर ठेवा, रेकॉर्डचं बटण दाबा आणि विचारा, ‘तुम्ही काय बघितलं?’ मध्ये बोलू नका. आणि कापू तर अजिबात नका.

भेटू पुढच्या भागात!