रस्त्यावरचा नाका आणि घरातली चूल

स्मरणिकेच्या संपादिकाताईंनी ‘कोल्हापूरच्या इतिहासातले काही लिहा’ असा निरोप धाडला. अंबाबाईचे देऊळ, राजर्षी शाहू महाराज, रंकाळा यांवर जाणत्या भगिनी लिहितीलच. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. म्हणून जो इतिहास आपल्या डोळ्यांदेखत घडला आणि ज्यात आपल्यापैकी कित्येकजणी उन्हातान्हात चालल्या, त्या टोलच्या लढ्याविषयी लिहिते. तेव्हा आपल्या कडेवर असलेली मुले आता हायस्कुलात जातात. त्यांना हे कोणी तरी सांगायला हवे.

नाका हा शब्द आपल्याला नवा नव्हता. जकात नाके आपल्या सासूबाईंच्या काळापासून होते. पण जकात पडे मालावर, आणि टोल पडतो चाकावर. माल असो नसो, गाडी आली की पैसे मोजा. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते नवे करण्यासाठी महानगरपालिका, राज्याचे रस्ते विकास महामंडळ आणि एक खाजगी कंपनी यांच्यात २००८ साली करार झाला. काम २२० कोटी रुपयांचे. कंपनीने पदरचा पैसा घालून रस्ते करायचे आणि पुढे ३० वर्षे टोल घेऊन तो नफ्यासह वसूल करायचा, अशी ती बोली. ३० वर्षे म्हणजे पाळण्यातले मूल बाप होईपर्यंत!

गावोगावच्या हमरस्त्यांवर टोल असतात. पण इथे शहराच्याच वेशीवर चारी दिशांना नऊ नाके उभे राहिले. शिरोली, फुलेवाडी, कळंबा, शाहू नाका ही आपली रोजची नावे. करवीर-पन्हाळ्याकडचा गूळ, खेड्यांतली भाजी, दूध, दवाखान्यात आणायचे आजारी माणूस, सारे ह्याच वाटांनी येते. ‘ज्याची मोटार त्याला टोल, आपल्याला काय त्याचे’ असे काहीजणी म्हणत. पण टेंपोवाला नाक्यावर जे देतो ते काही आपल्या खिशातून देत नाही. ते मेथीच्या जुडीवर चढते आणि शेवटी आपल्या पिशवीत येऊन बसते. हिशेब चुलीपाशीच पुरा होतो.

असाच हिशेब फार दूरच्या बायकांनीही मांडला होता. माझ्या मुलीने मला ती हकीकत वाचून दाखवली. इंग्लंडच्या शेजारी वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या शेतकऱ्यांना जमिनीचा आंबटपणा मारण्यासाठी शेतात चुना घालावा लागे. चुन्याची गाडी भट्टीपासून शेतापर्यंत नेताना वाटेत इतके नाके लागत, की कधी कधी चुन्यापेक्षा नाकेच महाग पडत. अखेर मे १८३९ मध्ये एफाइलवेन गावचा नाका लोकांनी मोडला. पुढे १८४२-४३ मध्ये तर हे लोण दक्षिण वेल्सभर पसरले. मोडणारे पुरुष बायकांची वस्त्रे नेसून, तोंडाला काळे फासून रात्री निघत आणि पुढाऱ्याला ‘रिबेका’ म्हणत. हे बायबलातल्या एका स्त्रीचे नाव. तिच्या वंशजांच्या हाती शत्रूची वेस येईल, असा आशीर्वाद तिला मिळाला होता. शेवटी सरकारने चौकशी नेमली आणि १८४४ च्या कायद्याने नाक्यांचा कारभार एका हाताखाली आणून चुन्यावरचा कर निम्मा केला.

तिथे पुरुषांना लुगड्याआड लपावे लागले. आपल्याकडे मात्र बायका आपल्याच नावाने, तोंड न झाकता, भर दिवसा रस्त्यावर उतरल्या. सर्वपक्षीय कृती समितीच्या मोर्चांत आमच्या गल्लीतल्या जावा-नणंदा, सासवा-सुना मिळून गेल्या. मीही गेले. वयाची ऐंशी ओलांडलेले प्रा. एन. डी. पाटील आणि कॉम्रेड गोविंद पानसरे पुढे होते. ‘टोल देणार नाही’ एवढे तीनच शब्द. पण ते पाठ करायला कोणाला शाळेत जावे लागले नाही.

तरीही १७ ऑक्टोबर २०१३ रोजी वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये टोल रद्द झाल्याचे मंत्र्यांनी सांगितले. पण नाक्यांवर वसुली चालूच राहिलेली पाहून लोकांचा संयम सुटला आणि नाके पेटले. याविषयी मला दोन शब्द मोकळेपणाने लिहायचे आहेत. सप्टेंबर १८४३ मध्ये वेल्समधील हेंडी येथे नाका सांभाळणारी सारा विल्यम्स ही ७५ वर्षांची म्हातारी नाक्यावरच्या हल्ल्यात मारली गेली. मृत्यूचे कारण कळत नाही, असे पंचांनी सांगून टाकले! ती म्हातारी कर ठरवायला गेली नव्हती. आपल्या नाक्यांवर पावत्या फाडणारी पोरेही कोणाच्या तरी पोटची, चार पैशांसाठी उभी. भांडण करारावर सह्या करणाऱ्यांशी असावे, खिडकीत बसलेल्याशी नसावे. आपला लढा मुख्यतः मोर्चे, उपोषणे आणि न्यायालय या वाटेने गेला, याचा मला अभिमान वाटतो.

न्यायालयाच्या आदेशांनी वसुली कधी थांबली, कधी पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरे यांच्यावर सकाळी फिरून येताना गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. टोल गेलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शासनाने टोल रद्द केल्याचे जाहीर केले. एन. डी. सर २०२२ च्या जानेवारीत गेले.

टोल गेला म्हणून रस्ते फुकट झाले का? नाही. कंपनीची भरपाई शासनाने आपल्या अंगावर घेतली, आणि शासनाचा पैसा म्हणजे तुमचा-आमचाच. रस्ता हवा तर पैसा लागणारच, हे संसार चालवणारी बाई जाणते. पण घरात मोठी वस्तू घ्यायची तर आधी चारजण बसून ‘किती पडेल, किती वर्षे फेडायचे’ हे विचारतात. करार झाला तेव्हा आपल्याला कोणी विचारले नाही, हेच खरे दुखणे होते. नाका दारात उभा राहिल्यावर तो हटवायला इतकी वर्षे, इतके श्रम लागले.

म्हणून मंडळाच्या भगिनींना एक विनंती. उद्या आपल्या वॉर्डात रस्ता, पाण्याची टाकी, बाजार, काहीही मोठे काम निघाले, तर नारळ फुटण्याआधी नगरसेवकांना मंडळात बोलवावे आणि कागद वाचून दाखवायला सांगावे. पैसे कोण घालणार, कोण फेडणार, किती वर्षे, हे तीन प्रश्न विचारायला सातवीही पुष्कळ झाली. एवढे लिहून लेखणी आवरते.