सीलिॲक विकाराचा माग

लंडनचे वैद्य सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये एका जुनाट अपचनाचे वर्णन प्रसिद्ध केले: फुगलेले पोट, काटकुळे हातपाय, फिकट व दुर्गंधी मल. ते कोणत्याही वयात जडते आणि उपाय असलाच तर तो आहारात, हे त्यांनी ताडले. परंतु अपराधी धान्य सापडले नाही. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव दुर्मिळ झाला, तेव्हा रुग्ण बालके सुधारली. पाव परतताच दुखणेही परतले. बालवैद्य विलेम डिके यांचा गव्हावरील संशय बळावला, आणि १९५० च्या प्रबंधात त्यांनी तो सप्रमाण मांडला. प्रौढांत हा विकार पुष्कळदा रक्तक्षय, थकवा, ठिसूळ हाडे यांच्या आडून येतो. मात्र संशय येताच गहू सोडू नये. आधी रक्त तपासावे, एरवी रोगाची खूणच पुसली जाते.