काठीच्या ढोलवाल्याला कधी विचारलं का?

होळी जवळ आली की आपल्या मोबाइलवर काठीचे व्हिडिओ फिरायला लागतात. मोरपिसांचे टोप, कमरेला सुके भोपळे, घुंगरं, अंगावर पांढरी नक्षी आणि मागे ढोल. खाली कमेंट ठरलेल्या: ‘भारी!’, ‘आपली संस्कृती!’ पण ढोल वाजवणाऱ्याचं गाव कोणतं, तो कुणाकडून शिकला, हे कुणी लिहिलेलं दिसत नाही. मला आज त्याबद्दलच बोलायचंय.

आधी थोडा इतिहास. अक्कलकुवा तालुक्यातलं हे सातपुड्यातलं काठी म्हणजे जुन्या मेवाशी संस्थानांपैकी एक. इंग्रजांनी 1880 साली छापलेल्या खानदेश गॅझेटियरमध्येही त्याची नोंद आहे. इथली राजवाडी होळी 1246 पासून चालत आल्याचं सांगतात. स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली, नंदुरबार 1998 ला धुळ्यातून वेगळा जिल्हा झाला, होळी मात्र चालूच राहिली. राजवाड्याची होळी म्हणतात खरं, पण तिला इतकी वर्षं उभं ठेवलं ते पाड्यापाड्यांवरून पायी येणाऱ्या माणसांनी.

ही माणसं काय करतात ते बघा. बावा, बुध्या, मोरखी होणारे कित्येक दिवस पालनी पाळतात. खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, ब्रह्मचर्य पाळायचं. जंगलातून उंच बांबू आणतात. तो उभा करायचा खड्डा कुदळ-पावड्याशिवाय, हातांनी खणतात. रात्रभर नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे.

या सगळ्यात ‘कलाकार’ वेगळा काढून दाखवता येईल का? जो ढोल वाजवतो, तोच शेत नांगरतो, तोच ऊसतोडीला गुजरातेत जातो आणि होळीला वाटेल ते करून घरी येतो. त्याच्यासाठी ढोल हा कार्यक्रम नाही, नवसाचा आणि गावाचा भाग आहे. म्हणूनच ‘पाहुण्यांसाठी जरा दहा मिनिटं वाजवून दाखवा’ असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय मागतोय याचा विचार करायला हवा.

शहादा भागातले भिली आणि मराठी कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची कविता अनेकांना माहीत असेल. आदिवासींचं दुःख स्टेजवरून दुसरेच सांगतात आणि ज्यांचं ते दुःख आहे ते खालीच बसून राहतात, हा तिचा सल. दुःखाचं जे झालं, तेच कलेचंही होतंय. काठीच्या होळीवर भाषणं होतात, बातम्या होतात, पुढाऱ्यांचे फोटो येतात. ढोलवाला फोटोत असतो, बोलण्यात नसतो.

आणि उशीर परवडणारा नाही. सरदार सरोवरात मणिबेलीसारखी नर्मदाकाठची गावं गेली, माणसं तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर वसाहतींत आली. ढोल सोबत आणता आला, पण ज्या डोंगरात त्याचा आवाज घुमायचा तो डोंगर नाही आणता आला. पोरं आश्रमशाळेत, आईबाप कामाला बाहेरगावी, मग रात्री शेकोटीपाशी बसून ऐकत ऐकत शिकायचं कधी? त्यात लग्नात डीजे आलाय. डीजेला नावं ठेवून काही होणार नाही. ज्याला जुना ठेका येतो त्याच्याजवळ बसणारं कुणी हवं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. येत्या होळीआधी पाड्यापाड्यावर बसू. मंडप नको, सत्कार नको, हारतुरे नकोत. जाणती माणसं, वाजवणाऱ्या, गाणाऱ्या बाया-पोरी आणि शाळेतली पोरं, एवढेच. बोलणं त्यांच्याच बोलीत होऊ दे, मराठी नंतर करू. हा ठेका कधी वाजतो, कधी वाजवायचा नसतो, पावरी कशी बनते, टोप कोण बांधतं, हे सगळं विचारू. जे सांगायचं नाही म्हणतील ते सोडून द्यायचं. जे सांगतील ते त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्या नावानिशी लिहायचं आणि एक प्रत गावच्या शाळेत ठेवायची.

काठीच्या होळीचं वर्ष आपल्याला तोंडपाठ आहे. ती वाजवणाऱ्या एका तरी माणसाचं नाव येतं का? तुमच्या पाड्यावर असा कुणी असेल तर आधी त्याच्याकडे जाऊन बसा. फोन खिशातच राहू द्या.