मुलांचे वय आणि कायदा

मुंबईच्या गिरण्यांत सात वर्षांखालील मुलांना मज्जाव झाला तो १८८१ च्या कायद्याने. सात ते बारा वयाच्या मुलांना मात्र नऊ तासांपर्यंत राबवण्याची मुभा राहिली. पुढे १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी साप्ताहिक सुटी व मधली विश्रांती मागितली. १८९० च्या चौकशी मंडळावरही ते बसले. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले, मुलांचे तास सातांवर आले. कायदा हलला, कारण खालून हाक आली होती.

२००६ पासून चौदा वर्षांखालील मुलास घरकामास ठेवणे गुन्हा आहे. द्वारकेत राहणारे आम्ही अधिकारी असे कायदे राबवतो. परंतु बंद दाराआड भांडी घासणारे मूल प्रथम दिसते ते शेजाऱ्यालाच. आणि तो शेजारीही आम्हीच.