छातीवर बसणारं भूत मुद्दाम बोलावलं तेव्हा

हा भाग रात्री अंथरुणात उताणे पडून ऐकत असाल, तर आधी कुशीवर वळा. उताणं झोपल्यावर हा प्रकार जास्त होतो.

प्रकार म्हणजे स्लीप पॅरालिसिस. आमच्या बुलढाण्याकडे एका शब्दात सांगतात, ‘दाबलं’. जाग असते, छताचे पत्रे दिसतात, पण बोट हलत नाही. कुणी म्हणतं मुंजा, कुणी हडळ. वारंवार झालं की मोठी माणसं सुचवतात, सैलानीला नेऊन आणा. पिंपळगाव सराईजवळचा हा दर्गा ‘बाहेरच्या बाधे’साठी राज्याबाहेरही माहीत आहे.

भूत जगभर आहे बरं का. १६६४ साली डच डॉक्टर डीमरब्रुकनं पन्नाशीच्या एका बाईची केस छापली. तिला रात्री कधी सैतान, कधी कुत्रा, कधी चोर छातीवर दाबतोय असं वाटायचं. ‘नाइटमेअर’मधला ‘मेअर’सुद्धा घोडी नाही, छातीवर बसणारं भूतच. जपानी लोक म्हणतात ‘कानाशिबारी’, धातूनं जखडल्यासारखं.

आणि जपानी संशोधकांनीच ते मुद्दाम घडवून आणलं. तोमोका ताकेउची आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध झाला. १६ माणसं, प्रत्येकी चार रात्री. स्वप्नांची म्हणजे रेम झोप संपून ४० मिनिटं झाली की माणसाला उठवायचं, तासभर जागं ठेवायचं, मग झोपू द्यायचं. एरवी झोप लागल्यावर रेमपर्यंत पोचायला साधारण दीड तास जातो. इथं दहातल्या सात वेळा माणूस जवळपास थेट रेममध्ये शिरला. ६४ वेळा झोप मोडली, त्यात सहा वेळा पॅरालिसिस झाला.

त्या सहाही वेळा माणसाला माहीत होतं की आपण प्रयोगशाळेत पडलोय. तरी एक सोडून सगळ्यांना काहीतरी दिसलं किंवा ऐकू आलं, आणि जीव घाबरला. मेंदूच्या लहरी जागेपणाच्या, स्नायू मात्र लुळे. स्वप्नात आपण हातपाय झाडू नयेत म्हणून रेममध्ये मेंदू स्नायूंना कुलूप लावतो. इथं मेंदू उठला, कुलूप तसंच राहिलं. श्वास पोटाच्या पडद्यावर चालू असतो, पण मुद्दाम खोल श्वास घ्यायला जावं तर छाती साथ देत नाही. तेच ते ‘वजन’.

हे वाचताना मला आठवला आमच्याकडचा लाइटीचा टाइमटेबल. शेतीला थ्री-फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं तर काका मध्यरात्री उठणार, बारे मोडणार, चिखलाच्या पायांनी येऊन पहाटे पुन्हा आडवे होणार. “कोनतरी छातीवर येऊन बसलं, मले हालताच येईना,” हे त्यांनी सांगितलं ते अशाच एका आठवड्यात. ताकेउचींच्या लोकांचा निदान मोबदल्याचा किंवा विज्ञानाचा काही सौदा असेल. काकांना कुणी विचारलंच नव्हतं. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना आली ती २०१७ मध्ये.

आता काही पोरं स्वप्नात जागं राहता यावं म्हणून पहाटेचा अलार्म लावून झोप मोडतात, म्हणजे तोच प्रयोग घरी. कुणाला मजा येते, कुणाला आठवडाभर दिवा लावून झोपावं लागतं. ज्याला आधीच झोप पुरत नाही किंवा घाबरण्याचा त्रास आहे, त्यानं यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आपोआप झालंच, तर ते काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सुटतं. काकांना मी एवढंच सांगितलं. ते म्हणाले, “मंग लाइट दिवसा कवा देनार, ते सांग.”