सांध्याची रेघ

गॅरेजमधल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरलाय आणि त्यावर तीन हत्यारं. अमेरिकेतलं एक लहान गाव, शनिवारची सकाळ, आजोबांच्या माळ्यावरचं सामान नातवंडांनी विकायला काढलेलं. तिन्हींना मिळून एकच चिठ्ठी: ‘बोलो सुऱ्या, फिलिपिन्स’. तुम्ही हात पुढे करता आणि थबकता. म्यान मुठीत धरून तलवार उपसायची नाही, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. तिकडची म्यानं म्हणजे लाकडाच्या दोन फळ्या, वेताने आवळलेल्या. शंभर वर्षांत वेत सुटतो, फट पडते आणि धारेच्या बाजूला बोटं असली तर पातं फटीतून थेट बोटांवर येतं. म्हणून तुम्ही म्यान पाठीच्या बाजूने, चिमटीत धरता.

पहिल्याला वेळ लागत नाही. नागमोडी पातं, पण वजन नाही. धार कधी लावलेलीच नाही. जिथे दोन तुकड्यांचा सांधा हवा, तिथे नुसती रेघ कोरलेली. म्यानावर भडक रंग. दुसऱ्या महायुद्धानंतर परतीच्या प्रवाशांसाठी केलेला माल, भिंतीवर शोभेल. खाली ठेवा.

दुसरं उचलता. मूठ म्हशीच्या शिंगाची, तिच्या टोकाला जबडा वासलेला कुठलासा प्राणी. अंगठा पात्यावर आडवा फिरवता: एक बाजू पाटासारखी सपाट, दुसरी उतरती. सुताराच्या पटाशीसारखी एकाच अंगाने काढलेली धार. हे विसाया बेटांचं काम, आणि उजव्या हाताच्या माणसासाठी केलेलं. तिकडे याला तालिबोंग म्हणतील. ‘बोलो’ हा शब्द परक्यांनी सगळ्यांवर सरसकट चिकटवला. टागालोग माणूस ‘इताक’ किंवा ‘गुलोक’ म्हणतो, इलोकानो ‘बुनेंग’, सेबुआनो ‘सुंदांग’. आपल्याकडे विळा, कोयता, कट्यार आणि पट्टा एकाच पोत्यात घालून वर ‘सुऱ्या’ लिहावं, तसं झालं हे.

अंगठा अजून पात्यावर आहे, तेवढ्यात घंटा वाजते.

२८ सप्टेंबर १९०१. फिलिपिन्समधल्या सामार बेटावरचं बालांगिगा गाव. सकाळची न्याहारी चालू आहे. फिलिपिन्स ताब्यात घ्यायला आलेल्या अमेरिकी शिपायांच्या बंदुका हाताशी नाहीत. चर्चची घंटा ही खूण. गावकऱ्यांची काल नारळ फोडणारी, झाडोरा साफ करणारी पाती आज माणसांवर चालताहेत. ७४ शिपायांपैकी ४८ मरतात. पुढे जनरल जेकब स्मिथ सामार उजाड करण्याचा हुकूम देतो आणि दहा वर्षांवरचा प्रत्येक जण मारण्याजोगा ठरतो. घंटा अमेरिकी सैन्य उचलून नेतं. त्या परत यायला डिसेंबर २०१८ उजाडावं लागतं. तुमच्या हातातलं पातं त्या सकाळी तिथे होतं का, हे पातं सांगत नाही. तसं छातीठोक सांगणाऱ्या विक्रेत्यापासून चार हात लांब राहा.

तिसरं मात्र हातात घेताच जड लागतं.

हातभर लांब, दुधारी, मुठीकडे लाटांसारखं वळत जाणारं आणि पुढे सरळ होणारं पातं. जावा बेटाचा क्रिस भोसकण्यासाठी, खंजिरासारखा. हा त्याचा धिप्पाड भाऊ तोडतोही आणि भोसकतोही. मुठीचं टोक काकाकुव्याच्या चोचीसारखं, लाकूड हातांच्या तेलाने काळसर झालेलं. मुठीतून निघून पात्याला कवटाळणारी धातूची पट्टी: असांग-असांग, म्हणजे माशाचे कल्ले. पातं मुठीतून निसटू नये म्हणून आवळलेला हा चिमटा. आणि मुठीलगत पातं रुंद होतं तिथे, हत्तीच्या सोंडेसारख्या नक्षीच्या वर, केसाएवढी आडवी फट.

नख फिरवा. अडकतंय.

ही फट दिसली की संग्राहक श्वास रोखतो. पात्याचं रुंद बूड, ज्याला गांग्या म्हणतात, ते जुन्या कामात वेगळं घडवून पात्यावर चढवलेलं असायचं. विसाव्या शतकात, साधारण १९३० नंतर, तो खटाटोप बहुतेक सुटला; अख्खं पातं एकाच तुकड्याचं होऊ लागलं आणि सांध्याच्या जागी देखाव्यापुरती रेघ उरली. तुमच्या पहिल्या हत्यारावर होती, तशी. इथे मात्र फटीत गंज शिरलाय. गंजाला देखावा जमत नाही.

घरी नेऊन पात्यावर सौम्य आम्ल लावलंत, तर पोलादाचे थर धुरासारखे वर येतील. पण ब्रासो लावून चकचकीत करू नका. शंभर वर्षांचा काळिमा दहा मिनिटांत खरवडून काढणाऱ्याला, माझ्या मते, जेवायलाही बोलावू नये.

नख सांध्यातच असू द्या.

मार्च १९०६. सुलू द्वीपसमूहातलं होलो बेट, बुद दाहो. बुद म्हणजे डोंगर. हा ज्वालामुखीचा डोंगर आहे. वर विवराच्या काठावर ताउसुग लोक बायकापोरांसह राहायला गेलेत: त्यांना अमेरिकी कर द्यायचा नाही, अमेरिकी हुकूम मानायचे नाहीत. खालून तोफा, मशीनगन, चढून येणारं सैन्य. तुम्ही वर पोचता तेव्हा सगळं संपलंय. मेलेल्यांचा अंदाज आठशे ते हजार. विजेते खंदकाच्या कडेला उभे आहेत आणि त्यांच्या पायांशी प्रेतांच्या राशी. कुणीतरी हा फोटो काढतो. तो आजही पाहता येतो, पण जास्त वेळ पाहवत नाही.

एक शिपाई खाली वाकतो आणि काकाकुव्याची मूठ धरून हत्यार उचलतो. ते ज्याच्या हातातून पडलंय, त्याचं नाव विचारायला आता कुणी उरलेलं नाही, आणि उरलं असतं तरी यानं विचारलं नसतं. आठवणवस्तू हवी, एवढंच. तुमच्या गॅरेजमधली चिठ्ठी इथे लिहायला सुरुवात झाली. पुढे हर्बर्ट क्रीगरने वॉशिंग्टनच्या संग्रहातल्या फिलिपिनी हत्यारांची सूची १९२६ मध्ये छापली. सूची नेटकी आहे, आजही तिच्यावाचून चालत नाही. पण अशा कुठल्याही सूचीत देणाऱ्याचं नाव सहज सापडतं. ज्याच्याकडून घेतलं त्याचं शोधून दाखवा.

तुम्ही तिथून निघता, घाईत, आणि फार मागे जाऊन पडता.

पायाखाली पाणी, गुडघाभर. २७ एप्रिल १५२१, माक्तानचा किनारा. खडकांमुळे होड्यांना जवळ येता येत नाही, तोफा लांब राहिल्यात, आणि इथला सरदार लापूलापू याची माणसं चहूकडून धावून येताहेत. मॅगेलनच्या डाव्या पायावर एक मोठं, रुंद, तलवारीसारखं पातं बसतं. तो तोंडावर पडतो. दर्यावर्दी म्हणून तो जगाला ठाऊक आहे. आपल्या किनाऱ्याशी त्याचा जुना हिशेब आहे. १५०९ मध्ये पोर्तुगीजांच्या बाजूने तो दीवला लढला, आणि दीवकडे जाणाऱ्या त्या आरमाराने काही आठवडे आधी दाभोळ जाळून बेचिराख केलं होतं. माक्तानच्या लोकांना यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

त्या गर्दीत अंतोनियो पिगाफेत्ता आहे. घायाळ, पण जिवंत. या माणसाकडे नीट पाहा. तो इथल्या लोकांच्या बोलीतले शब्द लिहून ठेवतो आणि त्या यादीत हत्यारंही येतात: ‘कांपिलान’, ‘कालिस’. म्हणजे कुणीतरी त्याला हत्यार दाखवलं, यानं बोट करून विचारलं, याला काय म्हणता? आणि समोरच्याने सांगितलं. पाचशे वर्षांपूर्वीची ही नोंद तुमच्या टेबलावरच्या चिठ्ठीपेक्षा बरोबर निघते, ती फक्त त्या प्रश्नामुळे. मला हा इटालियन लेखक याचसाठी आवडतो. त्याच्या इतर गोष्टी जपूनच वाचाव्यात.

पण तुमचं पातं अजून जन्मायचंय. थोडं पुढे या.

१८८० च्या आसपास. पुन्हा होलो. स्पॅनिश सैन्याने १८७६ मध्ये गाव घेतलं. तटाच्या आत स्पॅनिश, बाहेर ताउसुग. तुम्ही तटापासून लांब, एका छपराखाली उभे आहात. भाता पाहून थांबता. आपल्याकडचा कातड्याचा नव्हे: दोन उभी पोकळ नळकांडी आणि त्यांत दोन दट्टे. एक पोरगा दोन्ही हातांनी ते आलटून पालटून वरखाली करतोय. दट्ट्याच्या कडेला कोंबडीची पिसं खोचलीत, म्हणजे हवा बाजूने निसटत नाही. कोळसा लालबुंद होतो. सुलूच्या बंदरात चिनी जहाजं येतात. शिंपले आणि समुद्रकाकडी जाते, लोखंड येतं.

लोहाराला ‘बापा’ म्हणा. ताउसुगमध्ये त्याचा अर्थ काका. मराठी तोंडाला हा शब्द जड जाणार नाही. पांडाय, म्हणजे कारागीर, हा त्याचा धंदा आणि त्याचा मान.

तो वर बघत नाही. नागमोडी पातं तयार आहे, पाणी देऊन झालंय. आता गांग्या. पात्याचा दांडा मधल्या भोकातून ओवून तो तुकडा खाली सरकवतो, काढतो, कानशीने दोन हात मारतो, पुन्हा चढवतो. पुन्हा काढतो. तुम्ही मोजायचं सोडून देता. उजेडापुढे धरतो: फटीतून प्रकाश येतो, पुन्हा कानस. पोरगा भात्याशी पेंगतोय.

“बापा, याला काय म्हणता?”

तो पहिल्यांदा वर बघतो, लहान पोराने सूर्याचं नाव विचारावं तसा.

“कालिस.”

मग तो पातं तुमच्यासमोर धरतो आणि हनुवटीने खूण करतो. तुम्ही सांध्यावर नख ठेवता, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढता.

कुठेच अडकत नाही.