डासाच्या अंड्यात बलक कसा पोहोचतो?

डास चावतो असे आपण म्हणत असलो, तरी चावते ती केवळ मादी. नर डास फुलांतील मधुरस आणि वनस्पतींचे गोड रस यांवर जगतो. मादीचीही रोजची भूक याच रसांवर भागते. तिला रक्त लागते ते स्वतःच्या पोटासाठी नव्हे, तर अंड्यांसाठी. अंड्यातून बाहेर पडेपर्यंत गर्भाला बाहेरून अन्न मिळत नाही. त्याची सारी शिदोरी अंड्यातच, बलकाच्या रूपाने, बांधून द्यावी लागते. या बलकासाठी लागणारी प्रथिने मधुरसात नसतात. ती रक्तातून मिळवावी लागतात. डेंग्यू आणि चिकनगुन्या यांचा प्रसार करणाऱ्या ‘एडिस इजिप्ती’ या डासात ही प्रक्रिया फार बारकाईने अभ्यासली गेली आहे.

विशेष म्हणजे बलकाचे मुख्य प्रथिन अंडाशयात तयार होतच नाही. कीटकांच्या उदरात मेदपिंड नावाची एक ऊती पसरलेली असते. आपल्या शरीरात यकृत आणि चरबी जी कामे करतात, त्यांपैकी बरीच कामे कीटकात हे मेदपिंड करते. ‘व्हायटेलोजेनिन’ हे बलकाचे पूर्वप्रथिन तेथे तयार होते. त्याला शर्करा, फॉस्फेट व मेद जोडले जातात आणि ते कीटकाच्या रक्तात, म्हणजे रक्तलसिकेत, सोडले जाते. विल्यम टेल्फर या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1950च्या दशकात ‘सिक्रोपिया’ या रेशीम पतंगावर प्रयोग केले. मादीच्या रक्तातील एक विशिष्ट प्रथिन अंड्यात जसेच्या तसे येते आणि तेथे रक्तातल्यापेक्षा कित्येक पट अधिक प्रमाणात साठते, असे त्यांना दिसून आले. अंडे हे प्रथिन घडवत नाही, तर रक्तातून निवडून उचलते, हा त्याचा अर्थ होता.

या कामाचे वेळापत्रक संप्रेरके ठरवतात. कोशातून बाहेर पडलेल्या मादीत पहिले काही दिवस ‘ज्यूव्हेनाइल हॉर्मोन’ अंडपेशींना आणि मेदपिंडाला पुढील कामासाठी सज्ज करते. त्यानंतर सारे थांबते. रक्त मिळेपर्यंत अंडी पुढे वाढत नाहीत. मादीने रक्त शोषले की पचनातून सुटणारी अमिनो आम्ले मेदपिंडाला अन्न आल्याची वर्दी देतात. त्याच वेळी मेंदूतून स्रवणारी संप्रेरके अंडाशयाला ‘एक्डायसोन’ तयार करावयास लावतात. त्याचे क्रियाशील रूप मेदपिंडातील व्हायटेलोजेनिनचे जनुक जागृत करते. सुमारे 24 तासांत निर्मिती कळसाला पोहोचते आणि पुढच्या अर्ध्या दिवसात ती जवळजवळ थांबतेही.

आता प्रश्न उरतो तो प्रथिन आत जाण्याचा. डासाच्या अंडाशयातील प्रत्येक पुटकात एक अंडपेशी आणि तिला साहाय्य करणाऱ्या 7 पोषक पेशी असतात. त्यांच्याभोवती पुटकपेशींचा एक थर असतो. बलक भरण्याच्या काळात या थरातील पेशींमध्ये फटी पडतात आणि त्यांतून रक्तलसिका थेट अंडपेशीच्या पृष्ठभागाला भिडते. ऱ्होडनिअस या रक्तशोषक ढेकूणवर्गीय कीटकात ज्यूव्हेनाइल हॉर्मोनच्या प्रभावाने पुटकपेशी आक्रसतात आणि त्यामुळे या वाटा खुल्या होतात, असे आढळले आहे.

अंडपेशीच्या पृष्ठभागावर व्हायटेलोजेनिन ओळखणारे ग्राही असतात. कुलपात किल्ली बसावी तसे प्रथिन ग्राहीवर बसते. ज्या जागी असे ग्राही गोळा होतात, तेथे पेशीपटल आत दबून खळगा होतो. खळग्याला आतल्या बाजूने ‘क्लॅथ्रिन’ या प्रथिनाचे जाळीदार अस्तर असते. खळगा खोल होत जातो, तुटतो आणि त्याची इवलीशी पिशवी बनून आत येते. आतील आम्लतेमुळे प्रथिन ग्राहीपासून सुटते. ग्राही पुन्हा पृष्ठभागावर जाऊन कामाला लागतात. प्रथिन मात्र बलककणांत घट्ट साठवले जाते. गर्भ वाढू लागला की ते हळूहळू विघटित होऊन त्याच्या उपयोगी पडते.

हे अस्तरयुक्त खळगे टॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांनी 1964 साली एडिस डासाच्याच अंडपेशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रक्त प्याल्यानंतर काही तासांतच त्यांची संख्या अनेक पटींनी वाढते, असे त्यांना आढळले. पेशी बाहेरील प्रथिने निवडून आत घेते ती याच मार्गाने, हा त्यांचा निष्कर्ष पेशीविज्ञानाला दूरवर उपयोगी पडला. मानवी पेशी रक्तातील कोलेस्टेरॉल याच पद्धतीने आत घेतात. त्यासंबंधीच्या संशोधनाबद्दल मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे कीटकांतील व्हायटेलोजेनिनचा ग्राही आणि माणसातील हा कोलेस्टेरॉलग्राही एकाच कुळातले असल्याचे सिद्ध झाले. फळमाशीत या ग्राहीचे जनुक बिघडले, तर बलकप्रथिने रक्तातच साचून राहतात आणि मादी वंध्य होते. फळमाशीची बलकप्रथिने निराळ्या घराण्यातली असली, तरी आत शिरण्याचा दरवाजा तोच आहे.

रक्त घेतल्यापासून साधारण तीन दिवसांत एडिसची मादी शंभराच्या आसपास अंडी घालण्यास सिद्ध होते. त्यानंतर तिला पुन्हा रक्त हवे असते. रोगाच्या प्रसाराचे मूळ या चक्रात आहे. एका रुग्णाच्या रक्तातून उचललेला विषाणू पुढच्या खेपेला दुसऱ्याच्या शरीरात शिरतो, तो नव्या अंड्यांसाठी रक्त लागते म्हणूनच. बलक भरणारी ही वाट अडवता आली, तर डासांची पैदास रोखता येईल, या आशेने ग्राही आणि संप्रेरके यांचा अभ्यास चालू आहे.

तोवर एक गोष्ट आपल्या हाती आहे. ही अंडी पिंप, हौद आणि कुंड्यांखालील ताटल्या यांच्या कडांना, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर चिकटवलेली असतात. कोरड्यातही ती कित्येक महिने टिकतात. धुरळणीने उडते डास मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळताना भांडी नुसती उपडी करून भागत नाही. ती आतून घासूनच काढावी लागतात.